तीन वर्षं, पण कोणाच्या पैशावर?

पत्र : मॅडम, मी बार्शी तालुक्यातली. सोलापुरात मावशीकडे राहून तीन वर्षांचं एलएल.बी. करतेय, शेवटचं वर्ष आहे. बाबांची चार एकर जिरायत, तूर आणि सोयाबीन. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी पतसंस्थेचं दीड लाखाचं कर्ज काढलंय. पदवी झाली की लगेच जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदाची, परीक्षा द्यायची असं मी ठरवलं होतं. आता आधी तीन वर्षं वकिली करायची अट आलीय. बाबा म्हणतात, बार्शीला आपल्या भावकीतल्या वकिलांकडे बस. मैत्रीण म्हणते, पुण्याला ये, एका कंपनीत करार तपासायचं काम आहे, महिना अठरा हजार; सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढून ठेव, तीन वर्षं आपोआप भरतील. मला कोर्टात उभं राहायला आवडतं, मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजांच्या लुटुपुटीच्या खटल्यांच्या स्पर्धेत, बक्षीसही मिळालंय. पण घरी पैसे कधी देता येतील ते कळत नाही. आई म्हणते, लग्न झाल्यावर हे सगळं कुठे राहणार? मी काय करू?

उत्तर : तुझं नाव छापत नाही. भावकीतले वकीलसाहेब हे सदर वाचत असतील तर तुझी पंचाईत नको.

आधी मैत्रिणीचा सल्ला घेऊ, कारण तो ऐकायला सोपा आहे आणि सगळ्यात महागात पडणारा आहे. सनद देणाऱ्या आणि वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलचा नियम स्पष्ट आहे. वकिली करणाऱ्याला कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवायचं आणि ती सुटेपर्यंत वकिली थांबवायची. म्हणजे त्या कंपनीचे अठरा हजार तू घेत असशील तेव्हा तुझी सनद कपाटात पडून असेल आणि वकिलीचा एक दिवसही जमा होणार नाही. न कळवता दोन्ही चालू ठेवणारे आहेत, मी पाहिलेत. पुढे वकिली केल्याचं प्रमाणपत्र द्यायची वेळ आली की त्यांची धावपळ सुरू होते. प्रॉव्हिडंट फंडाच्या खात्यावर नोकरीच्या तारखा छापलेल्या असतात, हे त्यांना तेव्हा आठवतं. तुला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसायचंय. त्या वाटेवरचा पहिलाच कागद खोटा नको.

आता त्या अटीबद्दल. कॉलेजच्या कट्ट्यावर तिच्या चार आवृत्त्या फिरतात. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी. ही अट पूर्वीही होती. २००२ साली ती उठली आणि महाराष्ट्रात नव्या पदवीधरांना गुणांच्या अटीवर परीक्षेला बसता येऊ लागलं. तेवीस-चोवीसच्या वयात, कधी साक्षीदार उभा न केलेल्या मुलांनी लोकांच्या जमिनीचे आणि जामिनाचे निर्णय द्यायचे, हा प्रयोग नीट जमला नाही असं बऱ्याच उच्च न्यायालयांनी कळवलं, म्हणून अट परत आली. तुझ्या कामाच्या गोष्टी दोन. तीन वर्षं मोजायला सुरुवात तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून होते, सनदेनंतर द्यायची बार परीक्षा पास झाल्याच्या तारखेपासून नाही. आणि वकिली केल्याचं प्रमाणपत्र त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं, नाहीतर किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं लागतं; वकिलाचं असेल तर त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची साक्षांकित सही लागते. कुठल्याही न्यायाधीशाकडे किंवा न्यायिक अधिकाऱ्याकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही यात धरलं जातं. जाहिरात निघेल तेव्हा तिच्यातली अट स्वतःच्या डोळ्यांनी वाच, क्लासवाल्याच्या व्हॉट्सॲपवर नाही.

हा निकाल मला पटतो. फक्त ही तीन वर्षं पोरांनी जेवायचं कुठे, हे त्यात लिहिलेलं नाही. वकिलीतली खरी गाळणी इथेच आहे. हुशारीची गाळणी परीक्षेत होते. वकिलीत मात्र कोण किती दिवस बिनपगारी थांबू शकतो, यावर कोण टिकलं ते ठरतं. म्हणून वकिलाच्या घरातला मुलगा बेताच्या बुद्धीचा असला तरी टिकतो, आणि शेतकऱ्याची हुशार मुलगी दीड वर्षात बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या बार रूममध्ये ते परिपत्रक वाचलेला सीनियर मला अजून भेटायचाय.

प्रत्यक्षात जे दिसतं ते सांगते. तालुक्याला पहिलं वर्ष बहुतेक फुकट, फार तर पेट्रोलचे पैसे. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन हजारांपासून सात-आठ हजारांपर्यंत, तेही सीनियरच्या मनावर. पुण्या-मुंबईत दहा ते वीस हजार मिळतात, पण शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास राहायचं तर पेईंग गेस्ट आणि मेस यांतच ते संपतात. मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये नव्या मुलांना वर्षाला पंधरा-वीस लाख देतात ही बातमी खरी आहे. ती दारं मुख्यतः राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या मुलांसाठी उघडतात, आणि तिथली बरीचशी मुलं कोर्टाची पायरीही चढत नाहीत. तुला तर उभं राहायचंय. तेव्हा तो विषय इथेच सोडू.

मूट कोर्टाच्या बक्षिसाबद्दल अभिनंदन. पण तिथे दोन्ही बाजू तयारी करून येतात आणि न्यायाधीश ऐकायलाच बसलेले असतात. खऱ्या कोर्टात पुकारा होतो तेव्हा समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात असतात, साहेब रजेवर असतात, नाहीतर तुझा साक्षीदार ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला असतो. पहिले सहा महिने तुझं काम म्हणजे सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, बघायचं, तीन कोर्टांत धावत जाऊन तारीख घ्यायची, रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद, उतरवून घ्यायचा, नकलेचे अर्ज द्यायचे, शिरस्तेदारांशी गोडीने बोलायचं. कंटाळवाणं आहे. पण कुठला कागद कुठे अडतो ते यातूनच कळतं, आणि न्यायाधीश झाल्यावर वकील खरंच अडचणीत आहे की वेळ काढतोय हे तुला समोर बघून ओळखता येईल.

आता बार्शी. तिथल्या कोर्टाला मी नावं ठेवत नाही. प्रश्न भावकीचा आहे. नातेवाइकाकडे बसलीस की पैसे मागता येत नाहीत, आणि वर्षभराने दुसरीकडे जायचं म्हटलं तर बाबांना पुढच्या लग्नकार्यात तोंड लपवावं लागतं. शिवाय गावातलं निम्मं गाव तुझं काका-मामा. पहिल्या पाच वर्षांत ते सगळे फुकट सल्ला मागायला येतील आणि दावा लावायची वेळ आली की मोठ्या वकिलाकडे जातील. हे मी कडवटपणे म्हणत नाही. माणसं आपल्या जमिनीच्या बाबतीत पोरीबाळींवर भरवसा ठेवत नाहीत, एवढंच.

माझं मत सोलापूर. मावशीकडे राहायची सोय आहे, हा तुझा सगळ्यात मोठा भांडवली हिस्सा. त्याचं मोल पुण्याच्या अठरा हजारांपेक्षा जास्त आहे. मावशीला महिन्याला काहीतरी दे, हजार का असेना. तीन वर्षं फुकट राहिलं की नात्याला ओझं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, कामगार, ग्राहक आयोग, मोटार अपघाताचे दावे असं सगळं बघायला मिळतं. आणि ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि तुझं सोलापूर, असे सहा जिल्हे त्याला जोडलेत. ज्या अपिलांसाठी सोलापूरचे पक्षकार मुंबईच्या वकिलांच्या दारात बसायचे ती आता कोल्हापूरला चालतात, म्हणजे तिथे जाणाऱ्या सोलापूरच्या सीनियरांना चांगला मसुदा लिहिणारं माणूस लागणार. ही संधी तुझ्या आधीच्या पिढ्यांना नव्हती. त्यासाठी लोकांनी चाळीसेक वर्षं आंदोलन केलं.

पण सोलापूर म्हणजे सोलापुरातलं कुठलंही ऑफिस नव्हे. गाव कोणतं यापेक्षा सीनियर कोण, याने तुझी तीन वर्षं ठरतील. कसा निवडायचा? नाव विचारत फिरू नकोस, नाव मोठं असलेल्याकडे दहा ज्युनिअर असतात आणि दहाही जण तारखा घेतात. कोर्ट उघडं असतं, कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं. आत्ता परीक्षेआधी वेळ काढ आणि दोन-तीन दिवाणी कोर्टांत जाऊन नुसती बस. उलटतपास कोण स्वतः घेतो, कोण तारीखच मागतो, कोण कागद वाचून आलेला असतो, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दिसायला लागतं. ज्याच्या हातात साक्षी-पुराव्याची कामं जास्त, तो तुझा सीनियर. मग त्याच्या ज्युनिअरला कँटीनमध्ये गाठ आणि विचार, तुला दावा लिहायला देतात का? की फक्त टाइप करायला? लिहिलेला परत देताना लाल पेनने दुरुस्त करतात का? लाल पेन चालवणारा सीनियर मिळाला तर तीन हजार कमी घे, पण त्याच्याकडेच बस. आणि ज्याच्याकडे मुली महिना-दोन महिन्यांत सोडून जातात तिथे जाऊ नकोस. का सोडून गेल्या याची चौकशी करत बसायचीही गरज नाही.

दिवाणी बाजू मी मुद्दाम म्हणतेय. नव्या मुलांना फौजदारी आवडतं, त्यात थरार असतो आणि जामिनाचे पैसे लगेच मिळतात. पण वाटपाचा एक दावा सुरुवातीपासून अखेरपर्यंत पाहिलास, म्हणजे दावा, कैफियत, मनाई हुकमाचा अर्ज, मुद्दे, सरतपास, उलटतपास, निकाल आणि मग निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त, तर दिवाणी प्रक्रिया संहिता पाठ करावी लागत नाही. फौजदारीही सोडू नकोस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्याबरोबरचे दोन कायदे आलेत. त्यांची कलमं जुन्या वकिलांनाही अजून पाठ नाहीत. ज्या टेबलावर सीनियर आणि ज्युनिअर दोघंही एकच पुस्तक उघडून शोधतायत, तिथे तू दोन पावलं पुढे राहू शकतेस.

भाषेचं सांगते, कारण शहरातली मुलं इथे अडकतात. आपल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांचं काम मराठीत चालतं, उच्च न्यायालयाचं इंग्रजीत. तुला दोन्हीकडे लिहिता आलं पाहिजे. युनिकोड मराठी टायपिंग आणि ई-फायलिंग आत्ताच शिक. ते येणारा ज्युनिअर पहिल्या आठवड्यातच ऑफिसला लागतो. हौस असेल तर मोडीही शिक. जुन्या खरेदीखतांवर आणि वतनाच्या कागदांवर दावे अजून चालतात आणि मोडी वाचून लिप्यंतर करून देणारी माणसं थोडी उरलीत. त्याचे पैसे मिळतात.

पैशाकडे परत येते, कारण तू तोच प्रश्न विचारलायस. पूर्णवेळ नोकरी चालत नाही, पण कायद्याच्या परीक्षांसाठी मुलांना शिकवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसतं. एमएच-सीईटी लॉ ही प्रवेशपरीक्षा देणारी मुलं सोलापुरात कमी नाहीत. सकाळी सात ते नऊ तासिका घे, मग कोर्ट गाठ. शिकवण्यात कमीपणा मानू नकोस. १९२३ साली बॅरिस्टर होऊन मुंबईत वकिली सुरू करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जातीमुळे सॉलिसिटर कामं देत नव्हते. त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवलं. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दुसरा मार्ग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या त्यांच्या लोकअभिरक्षक कार्यालयात सहायक पदासाठी नवे वकीलही घेतात, फौजदारी कामं मिळतात आणि दरमहा ठरलेलं मानधन मिळतं. मात्र त्या काळात खासगी केस घेता येत नाही. दिवाणी सीनियरकडे वर्षभर काढून मग त्याचा विचार कर.

सुरुवातीचा खर्च तू समजतेस त्यापेक्षा कमी आहे. सनदेसाठी राज्यांच्या बार कौन्सिल कुठे पंधरा हजार, कुठे चाळीस हजारांवर घेत होत्या. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. आता कायद्यात आहेत तेवढेच, साडेसातशे रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे. वर मुद्रांक शुल्क. यापेक्षा जास्त कुणी मागितलं तर पावती माग, आकडा आपोआप उतरतो. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा दोन वर्षांत पास व्हावी लागते. शंभर प्रश्न, उणे गुण नाहीत, टिपा न लिहिलेली कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात. पहिल्याच खेपेला देऊन टाक. गाऊन शिवू नकोस, तो फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात सक्तीचा आहे. काळा कोट मात्र हलक्या कापडाचा घे. खालच्या कोर्टात उन्हाळ्यात त्याची सक्ती नसते, आणि सोलापूरच्या मे महिन्यात ही सवलत सोडणारा वकील मी पाहिलेला नाही.

आईच्या प्रश्नाला हसू नकोस, त्यात तथ्य आहे. सनद देशभर चालते, पण पक्षकार तुझ्यामागे गाव बदलून येत नाहीत. लग्नानंतर नवऱ्याच्या गावी गेलेल्या किती तरी वकील बायकांना तिशीत पुन्हा ज्युनिअर व्हावं लागलं. त्यातल्या काहींनी कोट कपाटात ठेवला तो ठेवलाच. न्यायाधीशाच्या नोकरीत दर काही वर्षांनी बदली असते, पण पगार आणि पद तुझ्याबरोबर येतात. मूळ वेतन ७७,८४० पासून सुरू होतं. आईला हे सांग. आणि तिला हेही सांग की स्थळ बघायचंच असेल तर जिल्हा न्यायालय असलेल्या गावचं बघ. मी हे गमतीने म्हणत नाहीये.

कोर्टात बाई म्हणून जे वाट्याला येतं तेही ऐकून ठेव. पक्षकार तुला बघून विचारतील, वकीलसाहेब कुठायत? विरुद्ध बाजूचे वकील 'बाळ' म्हणतील. मी वाद घालत नाही. कागद पुढे करते आणि कलम सांगते. साधारण दोन वर्षांत 'बाळ' बंद होतं. काही तालुका कोर्टांत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, हे मात्र मला अजून पचत नाही, आणि त्याबद्दल मी बारच्या प्रत्येक सभेत बोलते.

परीक्षेचा अभ्यास तिसऱ्या वर्षावर ढकलू नकोस. कोर्टातून दमून आल्यावर चार तास वाचेन असं ठरवणारे आठवड्यात मोडतात. त्यापेक्षा त्या दिवशी कोर्टात जे कलम निघालं ते रात्री मूळ कायद्यातून वाच आणि त्यावर अर्धं पान लिही. निकाल लिहायचा सराव दुसऱ्या वर्षापासून कर. तुझ्या सीनियरच्या निकाली निघालेल्या फायली उघड, पुरावा वाच, स्वतःचा निकाल लिही आणि मग न्यायाधीशांनी काय लिहिलं ते पाहा. आणि जेएमएफसी झालं नाही तर? तीन वर्षं खरी वकिली केलेल्या माणसाला सहायक सरकारी अभियोक्त्याची परीक्षा, बँकेतलं विधी अधिकारी पद किंवा स्वतःचं ऑफिस, हे रस्ते हळूहळू उघडतात. नुसती सनद ठेवून नोकरी करणाऱ्याला तीन वर्षांनी पुन्हा ज्युनिअर म्हणूनच उभं राहावं लागतं.

आता बाबा. त्यांना तू बहुधा असं सांगितलंयस की पदवी झाली की परीक्षा, परीक्षा झाली की पगार. तो हिशेब मोडला हे त्यांना अजून नीट माहीत नसावं, म्हणूनच ते भावकीतल्या वकिलांचं नाव घेतात. त्यांच्याशी आकड्यांत बोल. पहिलं वर्ष घरी काही येणार नाही, पण घरूनही काही मागणार नाही. दुसऱ्या वर्षी शिकवण्यांतून पतसंस्थेचं व्याज मी भरेन. तिसऱ्या वर्षी हप्त्याचा काही भाग. यातलं किती तुझ्याच्याने होईल ते मावशीबरोबर बसून आधी मांड, आणि जमेल त्यापेक्षा थोडं कमीच कबूल कर. पतसंस्थेत जाऊन मुदत वाढवून मिळते का तेही विचार. हप्ते थकायच्या आधी गेलं तर मॅनेजर खुर्ची देतो, थकल्यावर गेलं तर जामीनदाराला फोन करतो. जामीनदार कोण आहे ते बाबांना विचारून ठेव. भावकीतले वकीलसाहेबच निघाले तर त्यांच्याकडे बसायला नाही म्हणण्याआधी बाबांशी दोनदा बोल.